ऑलचं स्पेलिंग

परवा एका लग्नात पंगतीत वाढणाऱ्यानं मला ओळखलं. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या हाताखालून दहावी झालेला, आता स्वतःचा केटरिंगचा धंदा. पातेलं हातात तसंच धरून म्हणाला, "बाई, ती ओकेची गोष्ट सांगा ना ह्यांना." ह्यांना म्हणजे माझ्या शेजारी जेवत असलेल्या, मला पूर्णपणे अनोळखी अशा नवरदेवाच्या काकांना. मी म्हटलं, "भाजी पुरे." तो हसला आणि "बाई अजून ओकेवर चिडतात" असं पुढच्या पानाला सांगत निघून गेला.

मी चिडत नाही. (चिडते.) पण एसटीत विचारतात, फोनवर विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना विचारलं. तुम्हा सगळ्यांचे प्रश्न दोनच. ओके आलं कुठून? आणि तुम्ही ते सांगायचं बंद का केलंत? दुसऱ्या प्रश्नाला मी आजवर "अहो, विसरले" म्हणत आले. विसरले नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते. यापुढे भाजी वाढताना विचारू नये.

मी सांगायची ती गोष्ट तुमच्यापैकी निम्म्यांना पाठ आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध. संध्याकाळी छावणीत फळा लावायचे, त्यावर त्या दिवशी मेलेल्या सैनिकांचा आकडा. ज्या दिवशी कोणीच मेलं नाही त्या दिवशी शून्य आणि त्यापुढे के, म्हणजे 'झिरो किल्ड'. शून्य दिसायला ओसारखं. म्हणून ओके म्हणजे सगळं ठीक. ही मी उचलली १९८७ साली, एका प्रशिक्षण शिबिरात, चहाच्या सुट्टीत एका सरांकडून. त्यांनी कुठून उचलली ते विचारलं नाही. पाऊस, कंदील आणि फळ्याकडे बघत उभा असलेला सोळा वर्षांचा बिगुलवाला, ही भर माझी. गोष्ट संपली की वर्ग चिडीचूप व्हायचा. नववी ब चिडीचूप होणं म्हणजे काय, हे ज्यानं जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास घेतलाय त्यालाच कळेल.

माझा बचाव आधी मांडते. तेव्हा नेट नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयात दोन कपाटं, त्यांची किल्ली हेडक्लार्ककडे. जे शब्दकोश होते ते शब्दाचा अर्थ सांगायचे, जन्म नाही. आणि गोष्ट छापण्यात मी एकटी नव्हते, तुमच्या घरातल्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात आजही ती असेल.

हा बचाव मी इतक्यांदा मांडलाय की आता मलाच तो पोकळ वाटतो. कारण त्या गोष्टीवर विश्वास ठेवायला कोणी मला भाग पाडलं नव्हतं. आज कोणी मेलं नाही हे सांगायला सैन्यात कोण फळा रंगवेल? आणि त्या शून्याला झिरो म्हणत असतील तर पुढे त्याचा ओ कधी झाला? एखाद्या पोरानं उभं राहून विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणी विचारलं नाही, कारण मी पाऊस चांगला पाडायचे.

आता ते सांगते, ज्यासाठी इतकी टाळाटाळ केली.

१९९४ चा जानेवारी. तालुका पातळीवरची इंग्रजी प्रश्नमंजूषा, नववीच्या मुलांसाठी. आमच्याच शाळेच्या सभागृहात, म्हणजे दोन वर्गांमधला लाकडी पडदा सरकवला की जे व्हायचं त्यात. प्रश्न काढणारी मी, विचारणारी मी, गुण देणारीही मीच. माइक भाड्यानं आणला होता आणि त्याचा आवाज पार मैदानापर्यंत स्पष्ट जात होता, हे मुद्दाम सांगते.

शेवटाला दोन संघ बरोबरीत आले. एक तालुक्याच्या गावातला, इस्त्रीचे कपडे आणि पॉलिश केलेले बूट. दुसरा डोंगरातल्या एका शाळेचा. ती पोरं पहाटे एक टप्पा चालून मग एसटीनं आली होती, पायांवर धूळ तशीच. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं, तेव्हा दोघांचीही इंग्रजीशी ओळख सारखीच जुनी. कागदावर तरी.

निकालाचा प्रश्न मी राखून ठेवला होता. 'ओके हा शब्द कसा तयार झाला?' जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात मी तेव्हा शब्दांवर सदर लिहायचे, त्यात ही गोष्ट दिवाळीच्या सुमाराला छापून आली होती. ते साप्ताहिक तालुक्याच्या गावात घरोघर जायचं. डोंगरात पोस्टानं, चार दिवसांनी, आणि तेही फक्त सरपंचांकडे. म्हणजे हा प्रश्न एकाच बाजूच्या मुलांचा होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू? सुचलं होतं. आपलं सदर कोण कोण वाचतं हे मला बघायचं होतं.

घंटी डोंगरातल्या मुलानं आधी वाजवली. किडकिडीत, कानांवर केस आलेला.

"ऑल करेक्ट," तो म्हणाला.

"ऑल करेक्टचं ए.सी. होईल रे. ओके कसं होईल?"

सभागृहात पहिला हशा.

"चुकीचं लिहिलं म्हणून, बाई. त्या लोकांनी चुकीचं लिहिलं."

"कुठल्या लोकांनी?"

"अमेरिकेतल्या."

"अमेरिकेतल्या लोकांना इंग्रजी येत नाही?"

दुसरा हशा, पहिल्यापेक्षा मोठा. एवढ्यावर तो खाली बसला असता तर हे सगळं मी आज लिहीत नसते. तो बसला नाही. उठून फळ्याकडे गेला, खडू घेतला आणि लिहिलं. ओ, एल, एल. थोडी जागा सोडून के, ओ, दोन आर, ई, सी, टी. अक्षर वळणदार होतं.

मी ते माइकमध्ये वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. ओ. एल. एल. प्रत्येक अक्षराला हशा. 'के'ला सगळ्यात मोठा.

"पाचवीपासून इंग्रजी शिकतोयस आणि ऑलचं स्पेलिंग येत नाही तुला?"

"येतं, बाई. पण हे तसं नाही."

"कोणी सांगितलं हे?"

"मामानं."

"मामा प्रोफेसर आहेत का?"

"गोदीत आहे. माथाडी."

आमच्या भागातल्या प्रत्येक गावातून मुंबईला माथाडी गेलेले आहेत. त्या सभागृहात हसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे बाप, काका, मामा पाठीवर गोणी वाहत होते. तरी हसले. आणि मी हात वर करून त्यांना थांबवलं नाही. मीही हसत होते. हे पक्कं आठवतं, कारण माइकमधून माझंच हसू मैदानावर फिरून परत येत होतं आणि ते मला छान वाटलं होतं.

दुसऱ्या संघातल्या मुलीनं 'झिरो किल्ड' सांगितलं, माझ्या पावसासकट आणि बिगुलवाल्यासकट. पाच गुण, आणि बक्षीस म्हणून इंग्रजी-मराठी शब्दकोश. तो मुलगा जागेवर जाण्याआधी डस्टर घेऊन आपण लिहिलेलं पुसत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटचा टी अर्धवट राहिला म्हणून दोन पावलं गेलेला परत वळला आणि तोही पुसला.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय, शाळेत हे रोज होतं. मीही नऊ वर्षं तेच म्हणत होते. किंबहुना म्हणतही नव्हते, मला ते आठवतच नव्हतं. त्या पोराची क्षमा मागायचं राहिलं याहून मला हे जास्त लागतं, की त्या संध्याकाळी मी घरी जाऊन निवांत जेवले आणि मला चांगली झोप लागली.

२००३ च्या मे महिन्यात पुण्याला एका ग्रंथालयात गेले होते. 'नबॉब' हा शब्द बघायचा होता, आपल्या नवाबाचं इंग्रजांनी काय केलं त्यावर सदर लिहायचं होतं. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश, १९८९ ची आवृत्ती, वीस खंड. त्यात एन आणि ओ शेजारी शेजारी. नबॉब उतरवून झाला, एसटीला वेळ होता, म्हणून आपली गोष्ट या थोरामोठ्यांनी कशी सांगितलीय ते बघू म्हणून पानं उलटत ओकेपर्यंत गेले. बिगुलवाला कुठेच नव्हता. तिथे होतं ओ, एल, एल. आणि मग के, ओ, दोन आर, ई, सी, टी. तीच अक्षरं, त्याच क्रमानं. मी खंड मिटला, आणि पुन्हा उघडला.

तर आता ओके. नीट सांगते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

१८३८-३९ च्या सुमाराला बॉस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना आद्याक्षरांचा नाद लागला होता. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपण पिढ्यान्‌पिढ्या पत्राची सुरुवात 'सा. न. वि. वि.' अशी केली, पत्रिकेवर 'चि. सौ. कां.' छापलं, पाकिटावर 'मु. पो. ता. जि.' लिहिलं. त्यांनी मात्र त्यात एक खोडी काढली. आधी शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहायचा आणि मग त्या चुकीची आद्याक्षरं घ्यायची. 'ऑल राइट'चं ए.आर. न होता ओ.डब्ल्यू. 'नो यूज'चं के.वाय. मराठीत करायचं झालं तर 'सर्व ठीक' हे 'शर्व ठिक' असं लिहायचं आणि मग ऐटीत नुसतं 'श. ठि.' म्हणायचं. ज्याला कळलं तो आपल्यातला, ज्याला नाही कळलं तो गावंढळ.

२३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यानं एक टवाळ मजकूर छापला. जेवणाच्या घंटांवरून वाद घालणाऱ्या मंडळींनी गमतीनं काढलेली एक संस्था होती. तिची माणसं प्रॉव्हिडन्सवरून गेली तर तिथल्या संपादकानं कशी बडदास्त ठेवावी, बाटल्यांची बुचं कशी उडावीत, असं काहीतरी. त्यात ही दोन अक्षरं आली. पुढे लगेच 'ऑल करेक्ट' असा खुलासा जोडला होता, म्हणजे वाचकांच्या ओळखीचं ते अजून झालेलं नसणार. जगातल्या कुठल्याही विमानतळावर चालणारा शब्द, आणि त्याची पहिली छापील नोंद ही अशी, घंटा आणि बुचांच्या टवाळीत.

बाकीची आद्याक्षरं वर्षा-दोन वर्षांत मेली. हेच का तगलं? कारण १८४० साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उभा होता. तो न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहुक गावचा. त्याच्या लोकांनी त्याला 'ओल्ड किंडरहुक' केलं, ओ.के. क्लब काढले, आणि त्या पोरांनी विरोधकांच्या सभा उधळल्या. विरोधकांनी त्याच दोन अक्षरांचे उलटे अर्थ लावून त्याची टिंगल केली, पैसा गेला, पत गेली, अब्रू गेली, सगळं 'के'नं लिहून. व्हॅन ब्यूरन हरला. अक्षरं जिंकली. पुढे तारवाल्यांनी उचलली, कारण दोन अक्षरं तारेवरून पटकन जातात, मग रेल्वेनं, मग कारखान्यांनी. चंद्रावर यान टेकल्याबरोबर जे पहिले शब्द बोलले गेले, त्यांतही ते होतं.

यातला मला सगळ्यात दिलासा देणारा भाग निराळाच आहे. त्याच १८४० साली 'न्यूयॉर्क हेरल्ड'नं एक अफवा सोडली, की अँड्र्यू जॅक्सन या आधीच्या अध्यक्षाला धड स्पेलिंग येत नव्हतं, तो कागदांवर 'ऑल करेक्ट'ऐवजी ओ.के. लिहायचा, तिथून हे आलं. निवडणुकीतली थाप. म्हणजे शब्द छापून येऊन वर्ष झालं होतं आणि त्याची खोटी जन्मकथा तयारही होती. बिगुलवाला घुसवणारी मी पहिली नाही, एवढंच.

पुढे त्या थापेला पुरावाही सापडला म्हणे. टेनेसीतल्या १७९० च्या एका कोर्टाच्या नोंदीत जॅक्सनचं नाव आणि ओ.के. लोक नाचले. नीट पाहिलं तर ते ओ.आर. होतं, हुकूम होऊन नोंदलं अशा अर्थाचं. ती नोंद कशाची होती? एका काळ्या माणसाच्या विक्रीची. कागद इतक्यांनी वाचला, भांडण दुसऱ्या अक्षरावर.

हा सगळा गुंता सोडवला कोलंबिया विद्यापीठातल्या ॲलन वॉकर रीड यांनी. १९४१ मध्ये किंडरहुकचा धागा, आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' नावाच्या नियतकालिकात एकामागून एक लेख लिहून बॉस्टनपर्यंत. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उपसून एकेका तारखेचा हिशेब. यादवी युद्ध सुरू झालं १८६१ ला. माझा बिगुलवाला फळ्यासमोर उभा राहिला तेव्हा शब्द बावीस वर्षांचा होता. आणि मी चहाच्या सुट्टीत ती गोष्ट ऐकली तेव्हा रीड यांचे लेख छापून वीस वर्षं उलटली होती. माझ्या बचावाचं काय झालं ते तुम्हीच बघा.

रीड यांच्याबद्दल आणखी एक वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तरुणपणी, १९२८ च्या उन्हाळ्यात, त्यांनी पश्चिम अमेरिकेत फिरताना सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवर लिहिलेल्या ओळी टिपून घेतल्या. शिव्या, चावटपणा, चुकलेली स्पेलिंगं, जसंच्या तसं. त्याचा अभ्यासपूर्ण ग्रंथ केला. तो अमेरिकेत छापायची सोय नव्हती म्हणून पॅरिसला पंचाहत्तर प्रती छापल्या. शौचालयाच्या भिंतीवरचं स्पेलिंग गांभीर्यानं उतरवून घेणारा माणूस तो. माझ्यासमोर सरळ फळ्यावर, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

फुल फॉर्मबद्दलही मला काही कबूल करायचंय. मी आयुष्यभर फुल फॉर्मवाल्यांची टर उडवली. न्यूज म्हणजे चार दिशा, फॅमिली म्हणजे 'फादर अँड मदर आय लव्ह यू', असली पाठांतरं करणाऱ्या मुलांना मी वर्गात सोलून काढायचे. प्रत्येक शब्द म्हणजे सरकारी योजना नाही, त्याला फुल फॉर्म नसतो, हे माझं आवडतं वाक्य. ते बरोबरच आहे, अजूनही बरोबरच आहे. पण ज्या एका शब्दाला खरोखर फुल फॉर्म होता, नेमका त्याच शब्दापाशी मी तो सांगणाऱ्याला बसवला. ('हॉर्न ओके प्लीज'बद्दल मात्र मला विचारू नका. रॉकेलचे ट्रक, साबणाची जाहिरात, सगळं ऐकून झालंय. २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारनं ते गाड्यांमागे लिहायला बंदी घातली, तरी रंगवणारे रंगवतात. मी त्या वाटेला जात नाही, एकदा हात पोळलेत.)

बाकी उगम तुम्हाला खंडीभर मिळतील. ग्रीकमधलं ओला काला, हैतीच्या बंदरातली रम, कोणा बिस्किटवाल्याची आद्याक्षरं. वुड्रो विल्सन हे अध्यक्ष तर ते चोक्टॉ या आदिवासी भाषेतलं आहे असं धरून तसंच स्पेलिंग करून कागदांवर शेरे मारायचे. या सगळ्यांवरून मी पटकन पुढे जाते. एका ठिकाणी मात्र मला जाता येत नाही.

डेव्हिड डॅल्बी नावाच्या अभ्यासकानं १९६९ च्या सुमाराला मांडलं, की पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफसारख्या भाषांमध्ये 'होय, ठीक' अशा अर्थाचं 'वाव के' आहे, आणि गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या तोंडी ते अमेरिकेत गेलं असावं. तज्ज्ञांनी ते फारसं मानलं नाही. लेखी साखळी नाही म्हणून. मीही मानत नाही. रीड यांच्याकडे तारीखवार कात्रणं आहेत आणि कात्रणांपुढे मी मान तुकवते, तेवढी तरी शिस्त उशिरा का होईना लागली. पण ज्यांना लिहा-वाचायला शिकवणं कित्येक राज्यांत कायद्यानं गुन्हा होता, त्यांनी लेखी पुरावा आणायचा कुठून? ओके त्यांचं होतं असं यानं सिद्ध होत नाही. मग माझ्याच मनाशी भांडते. "मामा प्रोफेसर आहेत का" हा प्रश्न मी सभागृहात विचारला तसाच डॅल्बींनाही विचारतेय का? की पोराच्या वेळी केलेली चूक फेडायला आता कुठल्याही मामाचं खरं मानायला निघालेय? दोन्ही बाजू मीच लढवते, आणि रात्री अकराला दिवा मालवते.

बॉस्टनच्या विनोदाचंही मला तसंच वाटतं. तो निरुपद्रवी नव्हता. कमी शिकलेली माणसं कशी लिहितात याची ती नक्कल होती, शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी केलेली. सगळं जग ज्या शब्दानं मान डोलावतं तो अडाण्याच्या स्पेलिंगवर हसून तयार झालाय. मी माइकमध्ये ओ, एल, एल वाचून दाखवत होते तेव्हा ग्रीनच्या वर्तमानपत्राचंच काम चालवत होते, फक्त मला ते ठाऊक नव्हतं आणि त्या पोराला ठाऊक होतं.

मामाला कोणी सांगितलं असेल, यावर मी खूप डोकं चालवलं. गोदीत खोक्यांवर खडूनं ओके मारतात. एखाद्या खलाशानं सांगितलं असेल, टॅली क्लार्कनं सांगितलं असेल, रद्दीतल्या इंग्रजी मासिकात कोणी वाचलं असेल. माझ्या सरांपेक्षा मामाचा सोर्स चांगला होता, एवढं निश्चित.

खुलासा का नाही छापलात, हेही विचारता. साप्ताहिक बंद पडलं, असं मी सांगते. ते पडलं २००५ ला. ग्रंथालयातून मी आले २००३ च्या मे महिन्यात. म्हणजे दीड-दोन वर्षं जागा होती, दर आठवड्याला, माझ्या फोटोसकट. मी नबॉब छापला.

त्या मुलाच्या शिक्षकांना मात्र मी शोधलं. निवृत्त होऊन गावी शेती बघत होते. फोनवर सगळं सांगितलं, बराच वेळ लागला, आवाजही धड राहिला नाही. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, ती स्पर्धा? आमचा दुसरा नंबर आला होता. आम्ही गावात पेढे वाटले." हशा? त्यांना आठवत नव्हता. "पोरं हसतातच." मुलगा आता नवी मुंबईत असतो, स्वतःचे दोन टेम्पो आहेत, बरं चाललंय. "नंबर देऊ का?" मी म्हटलं, "राहू दे, नंतर घेते."

आता तुम्ही म्हणाल, फोन करा. तुमच्यापैकी दोघी तर मागेच लागल्यात. पण समजा तो विसरलाय. समजा त्याच्या लेखी ती दुपार म्हणजे पेढे आहेत. मी फोन करून त्याला काय देणार, हशा? आणि समजा विसरला नाहीये, तर माझ्या रडव्या आवाजाचं तो काय करणार? हा विचार मला पटतो. तो इतका सोयीचा आहे, म्हणूनच मला त्याचा संशयही येतो. नंबर अजून घेतलेला नाही.

गेल्या वर्षी कराडकडच्या एका शाळेनं बोलावलं होतं, आठवीच्या मुलांशी शब्दांवर गप्पा मारायला. खरी गोष्ट सांगितली, तारखांसकट. रंगली नाही. बुचं उडाली तेवढ्यापुरती पोरं हसली, व्हॅन ब्यूरन आल्यावर मागचे बाक जांभया द्यायला लागले. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, त्यांनी चुकीचं लिहिलं तर शब्द झाला. आम्ही लिहिलं तर लाल गोल का?"

"त्यांना बरोबर येत होतं, बाळा. त्यांनी मुद्दाम चुकवलं."

"कशावरून?"

ती वर्तमानपत्राची माणसं होती, मी म्हटलं, त्यांना येणारच. म्हणताना मला फळ्यासमोरचं "येतं, बाई, पण हे तसं नाही" ऐकू आलं, आणि पुढचं वाक्य तोंडात राहिलं.

"मग मीपण मुद्दामच चुकवते," ती म्हणाली.

वर्ग हसला, ती सगळ्यात मोठ्यानं. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या बाई उठल्या आणि तिला म्हणाल्या, "खाली बस, आगाऊ." ती बसली. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं का, आणि काय, हे मी परतीच्या एसटीत उंब्रजपर्यंत जुळवत होते.